जे उगवत नाही, ते नसतं का?

ज्यांना ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग लिहून टाकतेय. बोलताना आलेले ‘तर’ आणि ‘म्हणजे’ बरेचसे काढलेत, काही राहिलेत. चालवून घ्या.

सुरुवात करूया लोणारपासून. 2020 चा जून आठवतोय? लॉकडाऊन होता, सगळे घरात, आणि अचानक प्रत्येकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर एकच फोटो. बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार सरोवर गुलाबी झालंय! कुणी म्हणालं शेवाळ, कुणी म्हणालं प्रदूषण, कुणी म्हणालं दैवी संकेत. आमच्या फॅमिली ग्रुपवर तर तिन्ही मतं दहा मिनिटांत येऊन गेली. पुढे पाण्याचे नमुने नागपूरच्या नीरीकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे गेले. आघारकरच्या शास्त्रज्ञांनी सांगितलं, हा रंग हॅलोआर्कियांचा आहे. खारट पाण्यात मजेत राहणारे, गुलाबी रंगद्रव्य बनवणारे सूक्ष्मजीव.

बातमी वाचून बहुतेकांनी ‘अच्छा, जंतू आहेत होय’ म्हणून फोन खाली ठेवला. मी अडकले त्या ‘आर्किया’ शब्दावर. कारण 1977 च्या आधी कुणी लोणारचं पाणी तपासलं असतं, तर हे उत्तर देताच आलं नसतं. लोणार होतं, ते जीवही होते. पण जीवसृष्टीची ही आख्खी शाखा माणसाच्या हिशोबातच नव्हती.

आजची गोष्ट त्याची. समोर असलेली गोष्ट शंभर वर्षं आपल्या हिशोबातून का सुटली, आणि ती कशी सापडली?

माझ्या जर्नलमधला आकडा

आधी माझीच एक गोष्ट सांगते. मी बीएस्सीला मायक्रोबायोलॉजी घेतलं होतं. दुसऱ्या वर्षी प्रॅक्टिकल होतं, तळ्याच्या पाण्यातले जिवाणू मोजायचे. पाणी घ्यायचं, दहापट, शंभरपट, हजारपट पातळ करत जायचं, प्लेटवर पसरायचं आणि इनक्युबेटरमध्ये ठेवायचं. दुसऱ्या दिवशी प्लेटवर ठिपके दिसतात. एक ठिपका म्हणजे एका जिवाणूपासून वाढलेली वसाहत, कॉलनी. ठिपके मोजा, जितक्या पट पातळ केलंय तितक्याने गुणा, झाला आकडा.

मी उगाच उत्साहात त्याच पाण्याचा एक थेंब मायक्रोस्कोपखाली पाहिला. गुणाकार केला, तर संख्या प्लेटवरच्या आकड्याच्या शेकडो पट. दोनदा मोजलं. मग सरांकडे गेले.

“अगं, त्यातले बरेचसे मेलेले असतील,” सर म्हणाले. “जर्नलमध्ये प्लेटचा आकडा लिही. परीक्षेला तोच विचारतात.”

मी लिहिला. खाली सुबक अक्षरात वाक्यही लिहिलं, ‘नमुन्यातील जिवाणूंची एकूण संख्या’. दहापैकी नऊ मार्क मिळाले.

सरांना मी दोष देत नाही. ते जे म्हणाले, तेच जगातले भलेभले कित्येक दशकं म्हणत होते.

बटाटा, जिलेटिन आणि चायना ग्रास

जर्मनीत रॉबर्ट कॉख नावाचा डॉक्टर होता. एका रोगामागे एकच विशिष्ट जंतू असतो, हे त्याला सिद्ध करायचं होतं. त्यासाठी तो जंतू बाकीच्यांपासून वेगळा काढून, एकटा वाढवून दाखवायला हवा. कॉखने आधी उकडलेल्या बटाट्याच्या कापांवर जंतू वाढवले. मग जिलेटिन वापरलं, पण ते उष्णतेने वितळायचं आणि काही जंतू ते खाऊनच टाकायचे.

उपाय सापडला स्वयंपाकघरात. कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वॉल्थर हेस याची बायको फॅनी हेस घरी जेली करताना अगार वापरायची. समुद्री शेवाळापासून निघणारा हा पदार्थ उकाड्यातही वितळत नाही. आपल्याकडे किराणा दुकानात जो ‘चायना ग्रास’ मिळतो ना, तोच. तिने तो 1881 मध्ये सुचवला. 1887 मध्ये ज्युलियस पेट्री याने झाकणाची काचेची ताटली आणली. आजही जगभर प्रत्येक प्रयोगशाळेत ही जोडी आहे, चायना ग्रास आणि पेट्रीची ताटली.

एकेक जंतू वेगळा काढून वाढवण्याच्या या पद्धतीने काय काय दिलं! 1882 मध्ये क्षयाचा जंतू कॉखने दाखवला. 1884 मध्ये तो कोलकात्यात होता आणि तिथे त्याने कॉलऱ्याचा जंतू वेगळा वाढवला. ज्या रोगांनी गावंच्या गावं ओस पडत होती, त्यांचा गुन्हेगार आता ताटलीत दिसत होता.

पण यशाबरोबर एक सवयही लागली. जो ताटलीत उगवला तो जंतू खरा. जो उगवला नाही त्याला नाव नाही, पुस्तकात जागा नाही.

मायक्रोस्कोप मात्र वेगळंच सांगत होता. समुद्राच्या एक मिलिलीटर पाण्यात साधारण पाच ते दहा लाख जिवाणू दिसतात, आणि ताटलीवर त्यातला शंभरावा भागही उगवत नाही. 1985 मध्ये जेम्स स्टॅली आणि अ‍ॅलन कोनोप्का यांनी या फरकाला नाव दिलं, ‘ग्रेट प्लेट काउंट अ‍ॅनोमली’. सोप्या मराठीत, ताटलीच्या हिशोबातला मोठा घोळ. म्हणजे माझा घोळ माझा एकटीचा नव्हता!

पोथीतल्या चुका वाचणारा माणूस

आता अमेरिकेत जाऊया, इलिनॉय विद्यापीठात. तिथे कार्ल वोज नावाचा माणूस होता. शिक्षण भौतिकशास्त्राचं, स्वभाव एकलकोंडा. त्याला प्रश्न पडला होता की जिवाणूंची वंशावळ काढायची कशी? प्राण्यांची हाडं असतात, जीवाश्म असतात. जिवाणू म्हणजे गोल, काडीसारखे नाहीतर वळणदार. नुसत्या आकारावरून नातं काय कळणार?

वोजने काय केलं, हे समजायला एक आपली गोष्ट घेते. संत एकनाथांनी 1584 च्या सुमारास ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत तयार केली, हे शाळेत वाचलं असेल. तोवर तीनशे वर्षं पोथ्या हाताने उतरवल्या जात होत्या आणि पाठभेद शिरले होते. समजा, तुमच्यासमोर पन्नास पोथ्या आहेत. दोन पोथ्यांत नेमकी त्याच जागी तीच चूक दिसली, तर दोन्ही एकाच मूळ प्रतीवरून उतरवल्या असणार. म्हणजे चुकांवरून पोथ्यांचं घराणं लावता येतं.

वोजला अशी पोथी हवी होती जी प्रत्येक जिवाकडे असते. ती त्याला रायबोसोममध्ये सापडली. रायबोसोम म्हणजे पेशीतला प्रथिनं बनवणारा कारखाना, त्याच्याशिवाय कुठलीही पेशी जगत नाही. त्याचा एक भाग म्हणजे 16एस आरएनए, साधारण दीड हजार अक्षरांचा. त्यातला काही मजकूर सगळ्या जिवाणूंमध्ये जवळपास सारखा, आणि काही ओळी पिढ्यान्‌पिढ्या हळूहळू बदलत गेलेल्या. पोथीसारखंच!

आज ही अक्षरं मशीन वाचतं. तेव्हा काय करावं लागायचं ऐका. जिवाणू किरणोत्सारी फॉस्फरसमध्ये वाढवायचे, त्यांचा आरएनए काढायचा, एन्झाइमने तुकडे करायचे, ते तुकडे विजेच्या प्रवाहाने कागदावर पसरवायचे आणि वर एक्स-रे फिल्म ठेवायची. फिल्मवर काळे ठिपके उठायचे. वोज त्या फिल्म प्रकाशाच्या टेबलावर लावून तासन्‌तास ठिपके वाचत बसायचा. दिवसेंदिवस नव्हे, वर्षानुवर्षं.

1976 मध्ये त्याचा सहकारी राल्फ वुल्फ याच्याकडचे मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव तपासायला आले. दिसायला अगदी जिवाणू. पण फिल्मवर जे ठिपके प्रत्येक जिवाणूत हमखास दिसायचे, ते यांच्यात नव्हतेच. पुन्हा केलं, तेच. हे जिवाणू नव्हते. वनस्पती-प्राण्यांच्या बाजूचेही नव्हते. ही तिसरीच शाखा होती.

3 नोव्हेंबर 1977 ला ही बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. वोज आणि जॉर्ज फॉक्स यांचा शोधनिबंधही त्याच महिन्यात. आता सत्कार व्हायला हवा ना? झालं उलटंच. नोबेल विजेते साल्व्हादोर लुरिया यांनी वुल्फला फोन करून बजावलं की या भलत्या दाव्यापासून लांब राहा, नाहीतर तुझं करिअर संपेल. बिचारा वुल्फ! तो वोजच्या बाजूने राहिला, पण तोंड कुठे लपवू असं त्याला झालं होतं. पुढची कित्येक वर्षं अमेरिकेत अनेकांनी वोजकडे दुर्लक्ष केलं. जर्मनीत मात्र त्याचं म्हणणं लवकर पटलं.

पुढच्याच वर्षी, 1978 मध्ये, कडक मिठात राहणारे सूक्ष्मजीवही याच तिसऱ्या शाखेतले निघाले. आपल्या लोणारच्या गुलाबी मंडळींचं घराणं ते हेच. 1990 मध्ये वोज आणि सहकाऱ्यांनी या शाखेचं नाव आर्किया असं पक्कं केलं. वोज 2012 मध्ये गेला. नोबेल त्याला मिळालं नाही.

न उगवता वाचणं

पण थांबा. वोजची पद्धत मोठी असली, तरी तिच्यात जुनी अडचण होतीच. आधी जीव प्रयोगशाळेत वाढवायचा, मग त्याची पोथी वाचायची. न उगवणाऱ्यांचं काय?

इथे येतो नॉर्मन पेस. जीवरसायनशास्त्रज्ञ, आणि हौसेने गुहा धुंडाळणारा. अमेरिकेतल्या यलोस्टोन पार्कमध्ये ऑक्टोपस स्प्रिंग नावाचा कढत पाण्याचा झरा आहे. त्याच्या प्रवाहात, 80 अंशांच्या पुढच्या पाण्यात, गुलाबी धाग्यांचे झुबके डोलत असतात. हो, इथेही गुलाबी! हे धागे जिवंत आहेत हे थॉमस ब्रॉक याने 1960 च्या दशकातच दाखवलं होतं, पण प्रयोगशाळेत ते कुणालाच वाढवता येत नव्हते.

पेसच्या डोक्यात आलं, वाढवायचं कशाला? झऱ्यात भरपूर आहेत. तिथूनच उचलूया, थेट आरएनए-डीएनए काढूया आणि पोथी वाचूया. ऐकायला किती साधं वाटतं! पण ताटलीची शंभर वर्षांची अट इथे गळून पडली. 1984-85 मध्ये पेसच्या गटाने समुद्रतळाच्या उष्ण झऱ्यांमधल्या आणि ऑक्टोपस स्प्रिंगमधल्या, कधीही न वाढवलेल्या सूक्ष्मजीवांची ओळख अशी पटवायला सुरुवात केली.

त्याच यलोस्टोनमध्ये आणखी एक खजिना होता. ब्रॉक आणि त्याचा विद्यार्थी हडसन फ्रीझ यांनी 1966 मध्ये तिथल्या एका झऱ्यातून थर्मस अ‍ॅक्वॅटिकस नावाचा जिवाणू मिळवला होता. उकळत्या पाण्याच्या जवळपास टिकणारं त्याचं एन्झाइम म्हणजे टॅक पॉलिमरेज. कॅरी म्युलिसने 1983 मध्ये डीएनएच्या झटपट प्रती काढायची पीसीआर पद्धत शोधली, आणि टॅकमुळे ती खरी वेगवान झाली. पीसीआर! कोविडमध्ये नाकात काडी घालून जी टेस्ट केली, तिच्या गाभ्याशी हेच तंत्र. कढत झऱ्यातल्या एका जिवाणूची काय पोहोच बघा.

आता चिमूटभर नमुनाही पुरणार होता. पेसकडे काम केलेला स्टीफन जिओव्हानोनी अटलांटिकमधल्या सारगॅसो समुद्राच्या पाण्याकडे वळला. 1990 मध्ये त्याच्या गटाने जाहीर केलं की त्या पाण्यात एक असा सूक्ष्मजीव आहे जो कुठल्याच यादीत नाही. नाव दिलं एसएआर11. नाव कसलं, रजिस्टरमधला नंबर! पुढे कळलं की जगभरच्या समुद्रांत, पृष्ठभागाजवळच्या पाण्यातल्या दर तीन सूक्ष्मजीवांपैकी साधारण एक याच घराण्यातला असतो. पृथ्वीवरच्या सर्वांत जास्त संख्येच्या जिवांपैकी एक, आणि 1990 पर्यंत आपल्याला त्याचा पत्ताच नव्हता.

एका जीवाची नव्हे, सगळ्या वस्तीची

16एस वाचून वस्तीत कोण राहतं ते कळतं. जणू दारावरच्या पाट्या वाचल्या. पण आत कोण काय काम करतं? त्यासाठी सगळाच डीएनए वाचायला हवा.

1998 मध्ये जो हँडल्समन आणि सहकाऱ्यांनी शब्द दिला, मेटाजीनोम. म्हणजे मूठभर मातीतल्या सगळ्या जिवांचा मिळून एक जीनोम. त्यांची नजर मातीतल्या नव्या औषधांवर होती, कारण आपली कितीतरी अँटिबायोटिक्स मातीतल्या सूक्ष्मजीवांकडूनच आलीत.

2000 मध्ये एडवर्ड डिलाँगच्या गटाला समुद्रातल्या एका न वाढवलेल्या जिवाणूच्या डीएनएमध्ये प्रोटिओरोडॉप्सिनचा जीन सापडला. त्या जीनवरून बनणारं प्रथिन प्रकाशातून ऊर्जा मिळवतं. अशी प्रथिनं तोवर माहीत होती ती मिठात राहणाऱ्या आर्कियांमध्ये. समुद्रातल्या साध्या जिवाणूंकडेही ही युक्ती आहे, हे एकही पेशी न वाढवता कळलं.

मग 2004 मध्ये क्रेग व्हेंटरने सारगॅसोचं पाणी गाळून, त्यातल्या सगळ्या डीएनएचे तुकडे करून सरसकट वाचले. पन्नास वेगवेगळी वर्तमानपत्रं टराटरा फाडून एका गोणीत भरलीत आणि आता प्रत्येक बातमी पुन्हा जुळवायची आहे, असं काम. कॉम्प्युटर तुकड्यांची टोकं जुळवत जातो. त्यातून 12 लाखांहून जास्त नवे जीन निघाले.

त्यानंतर मशिनं स्वस्त आणि वेगवान होत गेली. आज खिशात मावेल असा सीक्वेन्सर मिळतो. आतड्यातले, मातीतले, सांडपाण्यातले सूक्ष्मजीव असेच वाचले जातात.

मग ताटल्या फेकून द्यायच्या?

मलाही वाटलं होतं, गोष्ट इथे संपली. डीएनए जिंकला, चायना ग्रास हरला. पण तसं नाही.

डीएनए मेलेल्या पेशीचाही वाचला जातो. जीन सापडला म्हणजे तो वापरात आहेच, असंही नाही. आणि सापडलेल्या कितीतरी जीनचं काम काय, ते कुणालाच सांगता येत नाही. पोथी हातात आहे, पण लिपी अर्धीच लागतेय.

म्हणून एसएआर11 च्या मागे लागलेले लोक थांबले नाहीत. 2002 मध्ये मायकेल रॅपे आणि जिओव्हानोनी यांच्या गटाने तो अखेर वाढवला. कसा? सगळे आजवर त्याला ताटलीत पंचपक्वान्नं वाढत होते, आणि हा गडी उपासाला सोकावलेला! त्यांनी समुद्राचंच पाणी निर्जंतुक केलं आणि एकेका कप्प्यात मोजक्याच पेशी सोडल्या. त्या वाढल्या, पण इतक्या विरळ की पाणी गढूळसुद्धा होत नाही. नुसत्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला वाटावं, काहीच उगवलं नाही.

ऑक्टोपस स्प्रिंगचे ते गुलाबी धागेही 1998 मध्ये वाढले. आणि जपानी शास्त्रज्ञांनी तर समुद्रतळाच्या गाळातला एक आर्किया वाढवायला 12 वर्षं घेतली. त्या कुळाची ओळख 2015 मध्ये आधी डीएनएवरून पटली होती. आपल्यासारख्या गुंतागुंतीच्या पेशींचे ते जवळचे नातेवाईक. 2020 मध्ये तो जीव प्रत्यक्ष दिसला, तेव्हा त्याच्या अंगाला फांद्यांसारखे लांब धुमारे होते. हे डीएनए वाचून कुणाला कळलं नसतं.

भांडण अजून चालू आहे. जिवाणूला अधिकृत नाव द्यायचं, तर त्याचं जिवंत कल्चर दोन वेगळ्या देशांतल्या संग्रहांत जमा करावं लागतं. आपल्या पुण्यातही नॅशनल सेंटर फॉर मायक्रोबियल रिसोर्समध्ये अशी कल्चर्स जपतात. मग न उगवणाऱ्याचं काय? त्याला नाव नाहीच? 2022 मध्ये शास्त्रज्ञांच्या एका गटाने ‘सीक्कोड’ नावाची वेगळी नियमावली आणली. तिच्यात चांगल्या दर्जाचा जीनोम असला तरी नाव देता येतं. सगळ्यांना ती मान्य नाही. वाद वरवर नावाचा आहे, पण आतला प्रश्न तोच, जे उगवत नाही ते आहे असं कधी म्हणायचं?

हा भाग तयार करताना माझं जुनं जर्नल शोधलं. माळ्यावर सापडलं. प्लेटच्या आकड्यापुढे एकक लिहिलंय, सीएफयू. कॉलनी फॉर्मिंग युनिट. म्हणजे ‘कॉलनी तयार करू शकणारे’, फक्त तेवढेच. एककाने कधी खोटं सांगितलंच नव्हतं. ‘नमुन्यातील जिवाणूंची एकूण संख्या’ हे वाक्य माझं होतं.

ते वाक्य मी पेन्सिलीने खोडलंय आणि बाजूला लिहिलंय, ‘यांपैकी उगवलेले’. एक मार्क कमी का पडला होता, ते मात्र अजून कळलेलं नाही.

चला, आज इतकंच. तुमच्यापैकी कुणी लोणारच्या बाजूचं असेल, तर 2020 च्या त्या दिवसांत घरी काय बोलणं झालं ते नक्की कळवा. पुन्हा भेटू, पुढच्या भागात.